पट्ट्याचे कलम

मिस आर्डिथ कॉल्व्हिन यांनी आयुष्यात कोणाला फसवले नाही. हे आधीच नोंदवायला हवे, कारण पुढे जे घडले ते फसवणुकीचे प्रकरण म्हणून वाचले तर त्यातले काहीच हाती लागणार नाही. लोकस्ट स्ट्रीटवर त्यांची तीन घरे होती. मधल्या घरात त्या स्वतः राहत आणि दोन्ही बाजूंच्या घरांत, वर आणि खाली, भाडेकरू असत. छप्पर गळले तर दुसऱ्या दिवशी कारागीर हजर होई. थंडीत कोणाचा हीटर बंद पडला तर त्या स्वतःच्या खोलीतला उचलून नेऊन देत. ओहायो नदीच्या काठावरच्या आमच्या या केंटकीतल्या गावात घरमालकांची जी ख्याती आहे, तिच्याशी ताडून पाहिले तर मिस आर्डिथ सज्जनच ठरत, आणि तशा त्या होत्याही.

भाडेकरार वाचून दाखवण्याची त्यांची एक रीत होती. नवा भाडेकरू आला की त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवायचे, पुढ्यात मक्याच्या कॉर्नब्रेडचा तुकडा आणि थंड ताकाचा पेला ठेवायचा, आणि चष्मा पुसून पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत सगळा करार मोठ्याने वाचायचा. मध्ये कोणी घाई केली तर त्या बोट त्याच ओळीवर ठेवून थांबत. त्यांच्या नवऱ्याने एकदा न वाचता सही केली होती आणि त्यात त्याचे ट्रॅक्टर दुरुस्तीचे दुकान गेले. त्या धक्क्यातून मिस आर्डिथ यांनी एक तत्त्व काढले होते: ज्याला सगळे वाचून दाखवले, त्याला पुढे तक्रारीचा हक्क उरत नाही. तत्त्व ऐकायला निर्दोष आहे. न्याय म्हणजे पूर्वसूचना, एवढाच त्याचा अर्थ होतो, हे मात्र त्यांच्या कधी लक्षात आले नाही. आणि ज्यांच्या लक्षात यायला हवे होते, त्यांनाही ते सोयीचे होते.

डेल्मर स्ट्राउड त्यांच्या डाव्या घरात, वरच्या मजल्यावर राहत असे. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. कोळसा आणि धान्य वाहणारे बार्ज, म्हणजे मोठे लोखंडी तराफे, एकमेकांना बांधून नदीतून ढकलत नेणाऱ्या बोटीवर तो दोर सांभाळण्याचे काम करी. या कामाचा पहिला नियम पहिल्याच दिवशी शिकवतात: दोर हाताभोवती कधीही गुंडाळायचा नाही. मुठीत धरायचा, म्हणजे सोडता येतो. आणि माणूस दोरात अडकलाच तर विचार करायचा नाही, कापायचा. त्यासाठी प्रत्येकाच्या कमरेला सुरी असते. डेल्मरचा जोडीदार कोय बॅस्किन हा नियम पाळण्यात थोडा ढिला होता. एका पहाटे, दोन बार्ज जवळ येत असताना, ओला दोर निसटू नये म्हणून त्याने मनगटाला वेढा दिला. दोर ताणला गेला आणि कोय त्या दोन लोखंडी भिंतींच्या मध्ये ओढला गेला. डेल्मर चार पावलांवर होता. सुरी त्याच्या हातात होती. तो पोचला नाही.

त्यानंतर त्याला झटके येऊ लागले. कुठे साखळी आपटली, कुठे ताणलेले काही करकरले, की त्याचा श्वास अडके, मुठी सुटत, तो असेल तिथे कोसळे आणि त्याला समोरचे दिसेनासे होई. बोट सुटली. गाडी चालवणे डॉक्टरांनी बंद केले, तेव्हा त्याने ट्रकही विकला. जखमी कामगार म्हणून जी रक्कम महिन्याला मिळे, तीत त्याचे भागत असे. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी त्याला एक कुत्री सुचवली. बेवारस कुत्र्यांच्या कोंडवाड्यात ती होती, पिवळसर, लोंबत्या कानांची, वजनदार. तिचे नाव मेबल. डेल्मर कोसळला की ती येऊन त्याच्या छातीवर आडवी पडे आणि श्वास परत लागेपर्यंत हलत नसे. हे तिला कोणी शिकवले होते की तिचे तिलाच सुचले, ते कळायला मार्ग नव्हता. पण त्या वजनाखाली डेल्मर दर वेळी परत येई, आणि त्याला परत आणणारे दुसरे काही सापडले नव्हते.

मिस आर्डिथ यांच्या करारात प्राण्यांना मनाई होती. पूर्वी एका भाडेकरूच्या दोन कुत्र्यांनी उजव्या घरातली ओकची जमीन इतकी सडवली होती, की ती उखडून फेकावी लागली. म्हणून डेल्मर दवाखान्याचे पत्र घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात आला, टोपी हातात घेऊन उभा राहिला.

“मिस आर्डिथ, दवाखान्यातल्या बाईंनी हे दिलंय. मेबल म्हणजे हौसेनं पाळलेली कुत्री नाही म्हणे. आधाराचा प्राणी आहे. कायद्यात तसं आहे.”

“कायद्यात काय आहे ते मला ठाऊक आहे, पोरा. तुझ्याआधी वाचलाय मी तो.”

“म्हणजे चालेल?”

“चालेल असं मी म्हटलं नाही. नाही म्हणता येत नाही, असं आहे ते.”

“मला दोन्ही सारखंच आहे, मिस आर्डिथ.”

“मला नाही.”

त्यांनी पत्र दोनदा वाचले, घडी घातली आणि त्याला बसायला सांगितले. कॉर्नब्रेड दिला. आजार काय आहे, हे विचारले नाही. ते विचारायला कायद्याने बंदी आहे, हे त्यांना माहीत होते. माणुसकीने विचारायला बंदी नव्हती, पण या दोहोंत फरक करण्याची सवय त्यांना राहिली नव्हती.

आमच्या गावच्या घरमालकांची संघटना महिन्यातून एकदा सकाळी नाश्त्याला जमते, बसस्थानकाजवळच्या खानावळीच्या मागच्या खोलीत. अंडी, सॉसेज, काळी कॉफी आणि भाडेकरूंच्या तक्रारी. त्या महिन्यात विषय आधाराच्या प्राण्यांचा निघाला. रॉइस फेन म्हणून एकजण होता, त्याच्याकडे भाड्याने द्यायच्या ट्रेलर-घरांची रांगच होती. तो म्हणाला, “माझ्या एका भाडेकरणीचा आधार म्हणजे मोर आहे. विचारलं, बाई, मोर नेमकं करतो काय? म्हणे, माझ्याकडे बघत बसतो. म्हटलं, माझी बायकोही तेच करते, तिच्यासाठी कागद कुठला दवाखाना देतो ते सांगा.”

सगळे हसले. मिस आर्डिथ हसल्या नाहीत. त्यांनी संघटनेचे वकील टेट प्रूइट यांच्याकडे पाहून विचारले, “माझा भाडेकरू खोटारडा नाही, मिस्टर टेट. त्याला खरंच गरज आहे. पण माझी जमीनही खरी आहे. मला काय करता येतं, तेवढं सांगा.”

प्रूइट यांनी कप बाजूला सारला. त्यांचा आवाज मऊ होता. “नाही म्हणायचं नाही. जास्त पैसे मागायचे नाहीत. आजाराची चौकशी करायची नाही. एवढं सांभाळलंत की तुम्ही कुंपणाच्या आत. पण जनावरानं वागावं कसं, हे सांगायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. वागणुकीचं कलम घाला. खोलीच्या बाहेर पाऊल टाकलं की पट्टा भाडेकरूच्या हातात. जिना, व्हरांडा, अंगण, सगळीकडे. पहिल्या चुकीला लेखी ताकीद. दुसऱ्या चुकीला करार संपला. पट्ट्याला कोण हरकत घेईल? न्यायाधीशबाईंकडेही कुत्रा आहे, त्याही पट्टा धरतात.”

“सगळ्या भाडेकरूंना सारखंच लावायचं?”

“सगळ्यांना. तेवढंच पाहा.”

हे शेवटचे उत्तर मिस आर्डिथ यांना पटले. सगळ्यांना सारखे, हे शब्द कानावर पडले की ज्यांच्या मनातली शंका मिटते, अशी बरीच माणसे आपल्यात आहेत. नियम सर्वांवर सारखा पडतो हे खरेच आहे. पण ज्याला हात वर करून तो झेलता येत नाही, त्याच्या तो डोक्यावर पडतो, हे त्या वाक्यात बसत नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी डेल्मरला टेबलाशी बसवून नवे कलम वाचून दाखवले. मेबल खुर्चीखाली पाय पसरून झोपली होती.

“काही विचारायचंय?”

डेल्मरने कलमावर बोट ठेवले. “हातातून सुटला तर?”

“सोडू नकोस.”

“मी मुद्दाम नाही सोडणार. पण ते आलं की हात माझे राहत नाहीत.”

“मग अशा वेळी काय करतोस?”

“मी काही करत नाही. मेबल करते.”

मिस आर्डिथ यांनी ते कलम पुन्हा एकदा, पहिल्यापेक्षा सावकाश, वाचले. डेल्मरने सही केली. खरे तर सगळे प्रकरण तेव्हाच, त्या टेबलावर, उघड बोलून झाले होते. ज्या क्षणासाठी कुत्री होती, त्याच क्षणी त्याचा हात शाबूत असावा अशी कलमाची मागणी होती. डेल्मरने हे साध्या शब्दांत सांगितले आणि मिस आर्डिथ यांनी ते ऐकले. पण ऐकलेले त्यांनी कशातही धरले नाही, कारण ते कागदावर नव्हते.

पहिला प्रसंग वसंतात घडला. डेल्मर खालच्या व्हरांड्यात मेबलला घेऊन बसला होता. रस्त्यावरून भंगाराचा ट्रक गेला आणि त्याची मागची साखळी डांबरावर आपटली. डेल्मर खुर्चीवरून कोसळला, पट्टा फळ्यांवर पडला आणि मेबल त्याच्या छातीवर चढली. त्याच व्हरांड्याला लागून नेल्डा टिबेट्सचे दार होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, संधिवाताने वाकलेली, तळमजल्यावरची भाडेकरू. ती काठी टेकत बाहेर आली तेव्हा मिस आर्डिथ अंगण ओलांडून आलेल्या होत्या आणि फोन डोळ्यांसमोर धरून उभ्या होत्या.

“आर्डिथ, तिकडे माणूस मरतोय आणि तू फोटो काढतेस?”

“मरत नाहीये. श्वास चाललाय. मी आधी पट्टा उचलला आणि नंतर तुम्ही कोणी म्हणालात की तो त्याच्या हातातच होता, मग?”

“मी तर म्हणणारच.”

“म्हणूनच आधी फोटो.”

फोटो काढून झाल्यावर त्यांनी पाणी आणले, ओला रुमाल डेल्मरच्या मानेवर ठेवला आणि तो उठून बसेपर्यंत त्या गुडघे टेकून बसून राहिल्या. दुपारी त्यांनी ताकीद टंकून घेतली आणि संध्याकाळी बीन्सच्या सूपचे भांडे व ताकीद, दोन्ही घेऊन जिना चढल्या. एका हातातले दुसऱ्या हातातल्याशी विसंगत आहे, असे त्यांना अजिबात वाटले नाही.

“हे बघ,” त्या म्हणाल्या, “मला तुला काढायचं नाहीये. मनगटाला बांध तो पट्टा. दोन वेढे दे. मग पडलास तरी सुटणार नाही.”

डेल्मरने भांडे खाली ठेवले. “मनगटाला नाही.”

“का?”

“आम्ही बांधत नाही.”

“आम्ही म्हणजे कोण?”

“बोटीवरचे.”

“तू आता बोटीवर नाहीस, पोरा.”

काही दिवस त्याने बाहेर जाणेच टाळले. पण कुत्रीला बाहेर न्यावेच लागते. नेल्डा म्हणाली, मी नेते तिला. कलमात मात्र पट्टा भाडेकरूच्या हातात असे लिहिलेले होते आणि मेबलचा भाडेकरू डेल्मर होता. शिवाय नेल्डाला स्वतःची काठी धरतानाच दम लागे. गावात दुसरे घर बघावे, तर कुत्रीसकट घेणारे जे दोघेतिघे मालक होते ते सगळे त्याच नाश्त्याला बसणारे. दुसरी चूक झाली तर छप्पर जाईल, आणि छप्पर गेले तर मेबलला घेऊन जायला जागा नाही, हे डेल्मरला स्वच्छ दिसत होते. शेवटी त्याने पट्ट्याचे टोक मनगटाला गुंडाळले. नेल्डा सांगते की त्या दिवसापासून जिना उतरताना त्याचा चेहरा भिंतीकडे असे. तो त्या हाताकडे पाहत नसे. मिस आर्डिथ यांनी खिडकीतून ते पाहिले आणि त्यांना बरे वाटले. आपल्या सल्ल्याने एक माणूस सावरला, अशी त्यांची समजूत झाली.

ऑगस्टमधल्या एका सकाळी ते दोघे व्हरांड्याच्या पायऱ्या उतरत असताना समोरच्या झाडावरून खार पळाली. मेबलने एकच हिसडा दिला. पट्टा ताणला गेला आणि मनगटाभोवतीचे वेढे आवळले. डेल्मर पायरीवरच गुडघ्यावर बसला. त्याने ओरडून मेबलला हाक मारली नाही, मदतही मागितली नाही. दुसरा हात कमरेकडे गेला, सुरी निघाली आणि त्याने पट्टा कापला. त्या पहाटे जे करायला तो पोचला नव्हता, ते या वेळी त्याने वेळेत केले. मग तो आडवा झाला.

मेबल सुटली होती. खार समोर होती, रस्ता मोकळा होता. ती दहा पावले धावली, थांबली, वळली आणि परत येऊन त्याच्या छातीवर पडली.

मिस आर्डिथ यांच्या फोटोत हे सगळे नीट दिसते: पायरीवरचा माणूस, त्याच्यावर कुत्री, मनगटाला अजून गुंडाळलेले तोकडे टोक, आणि उघडी सुरी.

“कापला?” प्रूइट यांनी कचेरीत फोटो पाहून विचारले. “स्वतःच्या हातानं? मग आपल्याला फार बोलावंही लागणार नाही.”

मिस आर्डिथ यांना एक गोष्ट खुपत होती, आणि त्या प्रामाणिक असल्यामुळे त्यांनी ती विचारली. “त्याला यातून काही सवलत मागता आली असती का?”

“अजूनही येईल. आजारामुळे पट्टा हातात धरता येत नाही, कमरेला बांधायची परवानगी द्या, असं त्यानं मागितलं तर आपल्याला द्यावंच लागेल. कमरेला लावायचे पट्टे दुकानात मिळतात, पळायला जाणारे लोक वापरतात. गोष्ट तिथंच मिटेल.”

“त्याला हे ठाऊक आहे?”

“मला काय माहीत? मी त्याचा वकील नाही.”

मिस आर्डिथ यांनी पर्स बंद केली. “मीही नाही.”

हा संवाद मिस आर्डिथ यांनी पुढे स्वतःच अनेकांना सांगितला. त्यात लपवण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटत नव्हते. उलट आपण प्रश्न विचारला होता, ही त्यांच्या दृष्टीने सचोटीची खूण होती.

घर रिकामे करून घेण्याचा दावा दाखल झाला, आणि सुनावणीच्या आधी डेल्मर त्यांना कुंपणाच्या फाटकाशी भेटला. मेबलच्या गळपट्ट्याला त्याने साधी दोरी बांधली होती आणि ती मुठीत इतकी घट्ट धरली होती, की बोटे पांढरी पडली होती.

“मिस आर्डिथ, यातून काही वाट आहे का?”

“ते न्यायाधीशांना विचार, डेल्मर. मी एका बाजूची आहे. मी सांगणं बरोबर नाही.”

“बरं,” तो म्हणाला, आणि खरोखरच त्यांचे आभार मानून निघून गेला.

सुनावणी लवकर आटोपली. न्यायाधीशबाई कठोर नव्हत्या, त्यांच्यासमोर त्या सकाळी अशी बरीच प्रकरणे होती. डेल्मरबरोबर कोणी नव्हते. नेल्डाला कोर्टाचा उंच जिना चढवेना, म्हणून ती खाली बाकावर बसली होती.

“पट्टा तुमच्या हातात होता का?”

“मनगटाला होता, मॅडम.”

“कापेपर्यंत.”

“हो.”

“का कापलात?”

“अडकला होता.”

“कशात?”

डेल्मरने तोंड उघडले. त्याला कोयचे नाव घ्यावे लागणार होते, आणि त्या दिवसापासून ते त्याने कोणापुढेही उच्चारलेले नव्हते. न्यायाधीशबाई थांबल्या, त्यांनी पुन्हा विचारले, पुन्हा थांबल्या. मिस आर्डिथ तीन हातांवर बसल्या होत्या आणि त्यांना उत्तर माहीत होते, कारण कोयच्या अंत्यविधीला चिकन कॅसरोलचे भांडे त्यांनीच नेले होते. त्यांना कोणी विचारले नाही. निकाल घर रिकामे करण्याचा लागला.

बाहेरच्या बोळात मिस आर्डिथ यांनी डेल्मरला गाठले. “कुत्रीविना राहायचं असेल तर घर तुझंच आहे. नवा करार करू. माझ्या मनात तुझ्याबद्दल काही वाईट नाही.”

“हा तुमचा मोठेपणा,” प्रूइट म्हणाले.

डेल्मरने विचार करायला मुदत मागितली आणि त्यांनी दिली. कोर्टाने काढलेल्या भाडेकरूला आमच्या गावात कोणी दारात उभे करत नाही. बेघरांच्या निवाऱ्यात प्राणी चालत नाहीत. ट्रक नव्हता, म्हणजे झोपायलाही तो नव्हता. नदीपलीकडे, इंडियानात, त्याचा मेहुणा व्हर्नन राहतो. मका पिकवतो. त्याने सांगितले की घरात पोरे आणि म्हातारी, तुला जागा नाही. कुत्री गोठ्यात राहू शकेल. म्हणजे मेबलला जिथे छप्पर होते तिथे डेल्मरला नव्हते, आणि डेल्मरला जिथे होते तिथे मेबलला नव्हते. थंडी तोंडावर आली होती. त्याने कुत्रीविना राहण्याच्या नव्या करारावर सही केली. व्हर्नन येऊन मेबलला घेऊन गेला.

त्या हिवाळ्यात मिस आर्डिथ यांनी त्याची काळजी घेतली, हे नाकारता येणार नाही. आठवड्यातून दोनदा गरम जेवण त्यांच्या हातून वर जाई. खिडकीची फट त्यांनी स्वतः बुजवली. झटके मात्र वाढले आणि लांबू लागले. छतावर धप्प आवाज झाला की नेल्डा एकेक पायरी चढून वर जाई, त्याच्याशेजारी जमिनीवर बसे आणि गोधड्यांच्या घड्या त्याच्या छातीवर रचत असे. “माझं वजन कोंबडीएवढं,” ती म्हणे. “मी त्याच्यावर आडवी पडले तरी त्याला कळायचं नाही. आणि उठवणार कोण मला?”

एकदा मिस आर्डिथ नेल्डाकडे कॉफीला बसल्या असताना कमरेच्या पट्ट्याची गोष्ट सहज त्यांच्या बोलण्यात आली. नेल्डाने कप खाली ठेवला.

“तुला ठाऊक होतं?”

“त्यानं विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

“त्यानं विचारलं होतं, आर्डिथ. फाटकापाशी. मला सांगितलंय त्यानं.”

“वाट आहे का, असं विचारलं. पट्ट्याचं नाही विचारलं.”

“देव तुझं भलं करो,” नेल्डा म्हणाली. आमच्याकडे हे वाक्य कोणत्या सुरात म्हटले की त्याचा काय अर्थ होतो, हे मिस आर्डिथ यांना कळत होते. त्या उठून गेल्या.

नेल्डाने नातीला सांगून तसला एक पट्टा मागवला आणि तो घेऊन ती वर गेली. डेल्मर पलंगाच्या कडेवर बसला होता. तिने सगळे सांगितले: अजून मागता येते, नव्याने मागता येते, नात सगळे लिहून देईल, मेबल परत येईल. त्याने पट्टा हातात घेतला, त्याची कडी उघडझाप करून पाहिली आणि परत तिच्या मांडीवर ठेवला.

“परत टेबलाशी बसवतील,” तो म्हणाला.

“बसवू दे की रे. मी येते ना बरोबर.”

“परत वाचतील. मग मी परत सही करेन. मग काहीतरी राहिलेलं असेल. नाही, नेल्डा.”

नेल्डा चिवट होती. मेबलला एकदा घेऊन ये म्हणून तिने व्हर्ननला फोन केला, वाटले, कुत्रीला पाहील तर डेल्मरचे मन फिरेल. आणि मिस आर्डिथ यांना तिने सरळ विचारले, मेबल पाहुणी म्हणून येऊ शकते का. मिस आर्डिथ यांनी करार काढून पाहिला. पाहुण्यांच्या प्राण्यांना आवारात मनाई होती. पण त्यांनी तेवढ्यावर विषय संपवला नाही, दिवसभर त्यावर विचार केला आणि संध्याकाळी येऊन सांगितले, “रस्त्याच्या पलीकडची कड माझी नाही. तिथं भेटू दे त्यांना. मला काही हरकत नाही.” हे सांगताना त्यांचा चेहरा उजळलेला होता.

रविवारी प्रार्थनेनंतर व्हर्ननचा ट्रक समोरच्या कडेला थांबला. मिस आर्डिथ आपल्या व्हरांड्यात उभ्या होत्या. डेल्मर नेल्डाच्या नातीचा हात धरून रस्ता ओलांडून गेला आणि पदपथाच्या दगडावर बसला. मेबल उतरली. ती अंगावर उड्या मारेल अशी सगळ्यांची कल्पना होती. तिने त्याचे हात हुंगले, मान हुंगली आणि मग जणू तो कोसळलेलाच आहे अशा रीतीने त्याच्या मांडीवर सगळे वजन टाकून आडवी झाली. डेल्मरने तिच्या बरगड्यांवर दोन्ही हात ठेवले. दोघेही तसेच राहिले. व्हर्नन ट्रकला टेकून सिगारेट ओढत राहिला, मग त्याने घड्याळ पाहिले आणि म्हणाला, “चल बाई आता. गायी वाट बघतायत.”

मेबल उठेना. व्हर्ननला तिला उचलून मागच्या फळीवर चढवावे लागले. ट्रक निघाला तेव्हा ती फळीवरून मान काढून पाहत होती, आणि ट्रक वळणाआड जायच्या आत डेल्मर दगडावरून बाजूला कलंडला. त्याचे डोळे उघडे होते. ट्रक थांबला नाही. व्हर्ननला मागचे दिसले नव्हते. मेबलला दिसत होते. ती भुंकत होती, ट्रक गावाबाहेरच्या मक्याच्या गोदामापर्यंत पोचेपर्यंत तो आवाज ऐकू येत राहिला.

नेल्डाच्या नातीने आपला कोट त्याच्या छातीवर टाकला. मिस आर्डिथ धावत रस्ता ओलांडून गेल्या, त्याचे डोके त्यांनी मांडीवर घेतले, बटणे सैल केली, आणि फार वेळाने त्याचा श्वास लागला तेव्हा त्याला एका बाजूने धरून त्यांनीच घरी आणले. जिन्यापाशी तो थांबला.

“बरं वाटलं ना तिला पाहून?” मिस आर्डिथ म्हणाल्या. “दर रविवारी असं करता येईल. मी व्हर्ननशी बोलेन.”

“नको.”

“माझी काही हरकत नाही रे.”

“तिला कळत नाही, मिस आर्डिथ, आपल्याला का नेतायत ते. तिला वाटतं ती काहीतरी चुकली.” त्याने कठड्यावर हात ठेवला. “व्हर्ननला सांगा, पुन्हा आणू नकोस. तिथं कुणाजवळ रमत असेल तर त्यालाच देऊन टाक म्हणावं.”

“नक्की असंच सांगू?”

“असंच.”

मिस आर्डिथ यांनी त्याला खोलीपर्यंत सोडले, पांघरूण घातले आणि दार ओढून घेतले. घरी येऊन त्यांनी व्हर्ननला फोन लावला आणि निरोप एकही शब्द न बदलता सांगितला.